पॅनलवर मराठी घड्याळ, शेजारी लिस्बन आणि बोटीची वेळ: एक्सएफसीईत कसं बसवायचं?

म्हापसा_झेरॉक्स · शनिवार, रात्री १०:१५

मंडळी, दुकानातल्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्स) आहे, त्यावर एक्सएफसीई ४.१८ हा हलका डेस्कटॉप. मशीन जुनं असलं तरी कुरकुर न करता चालतं, तेव्हा डेस्कटॉपच बदला असा सल्ला कृपया नको. मला फक्त पॅनल (पडद्याच्या कडेचा पट्टा) आणि त्यावरचं घड्याळ नीट करायचंय.

काउंटरवर दोन मॉनिटर आहेत. एक माझ्याकडे, दुसरा गिऱ्हाइकाकडे तोंड करून, म्हणजे फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख बरोबर पडली की नाही हे त्यांना बघता येतं. पण त्या पडद्यावर लोक सगळ्यात जास्त काय बघतात? कोपऱ्यातली तारीख. सही करताना मान वर करून तिकडेच बघतात आणि तिथे इंग्रजीत काहीतरी बारीक दिसतं. मग मलाच विचारतात, "आज कितवी रे?" तर तिथे ठसठशीत मराठीत वार, तारीख, महिना हवा. आकडेही देवनागरी.

दुसरं, आपल्याकडे घराघरातलं कोणी ना कोणी बाहेर. मुलगा लंडनला, बहीण लिस्बनला, नवरा दुबईत नाहीतर बोटीवर. कागद स्कॅन करून पाठवला की लगेच फोन लावायचा असतो आणि मग "आता तिथे किती वाजले असतील" याचा हिशेब बोटांवर सुरू. ती घड्याळं शेजारी लागली तर काम होईल.

तिसरं माझ्यापुरतं. तत्काळ उघडताना सेकंद दिसले पाहिजेत. दहाला एसी, अकराला बाकीचे डबे, आणि थिवीहून मुंबईची तिकिटं किती वेळ टिकतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

घड्याळाच्या प्रॉपर्टीजमध्ये एकच टाइमझोन टाकता येतो असं दिसलं. मग हे सगळं कसं करायचं?

फोंडा_टर्मिनल · शनिवार, रात्री ११:०२

चार वेळा हव्यात तर चार घड्याळं लावा. पॅनलवर राइट क्लिक, मग पॅनल, मग 'ॲड न्यू आयटम्स', आणि 'क्लॉक' हवं तितक्या वेळा टाका. प्रत्येक घड्याळाची सेटिंग स्वतंत्र राहते.

पण आधी पॅनल वेगळं करा. गिऱ्हाइकाच्या मॉनिटरसाठी नवीन पॅनल जोडा. 'पॅनल प्रेफरन्सेस'मध्ये वर ड्रॉपडाउन आहे, त्याच्या बाजूच्या अधिक चिन्हावर क्लिक केलं की रिकामं पॅनल येतं. 'आउटपुट'मध्ये तो मॉनिटर निवडा, लांबी १०० टक्के करा, रो साइझ चांगला मोठा ठेवा (मी ५६ पासून सुरुवात केली असती), आणि 'लॉक पॅनल'वर टिक. या पॅनलवर मेनू नको, खिडक्यांची बटणं नकोत, सूचनांचे आयकॉन नकोत. फक्त घड्याळं. तुमचं नेहमीचं पॅनल तुमच्या मॉनिटरवर जसं आहे तसं राहू दे, त्यातल्या घड्याळात तेवढे सेकंद चालू करा.

आता लिस्बन. घड्याळाच्या प्रॉपर्टीजमध्ये टाइमझोनच्या जागी 'युरोप/लिस्बन' टाका. (आज्ञा, नावं आणि फॉरमॅटची अक्षरं मी इथे देवनागरीत लिहितोय. तुम्ही टाइप करताना अर्थातच रोमन.) लेआउट 'डिजिटल', मांडणी 'टाइम ओन्ली', फॉरमॅट 'कस्टम'. कस्टमच्या चौकटीत सरळ मराठीत 'लिस्बन' लिहा, एक स्पेस, मग टक्का आणि कॅपिटल एच, कोलन, टक्का आणि कॅपिटल एम. जे अक्षर टक्क्याला चिकटलेलं नाही ते घड्याळ जसंच्या तसं छापतं, त्यामुळे नाव लावायला वेगळं काही लागत नाही.

झोनचं लघुनाव देणारा टक्का-कॅपिटल-झेड आहे, पण त्याच्या नादी लागू नका. लिस्बनला उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरं लघुनाव येतं, दुबईला तर नुसतं '+०४' दिसतं. गिऱ्हाइकाला त्यातून काय कळणार?

लंडन आणि लिस्बनसाठी दोन घड्याळं लावू नका, वेळ एकच असते. दोन्हीकडे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी काटा हलतो. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. म्हणूनच तासांचा फरक हाताने टाकायचा नाही, शहराचंच नाव द्यायचं, बाकीचं सिस्टिम बघते.

मराठी तारखेचं उद्या लिहितो, ते प्रकरण जरा लांबतं.

पेडण्याची_पोर · शनिवार, रात्री ११:२०

सल्ला नको म्हणालात तरी देतेच. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये हे सगळं एकाच घड्याळात होतं. टाइमझोनच्या यादीत लिस्बन, दुबई, कुवेत टिक करा, घड्याळावर माउस नेला की सगळ्या वेळा एकाखाली एक. माउसचं चाक फिरवून पॅनलवरची वेळही बदलता येते. कॅलेंडरमध्ये सुट्ट्या, चंद्राच्या कला, शिवाय पर्यायी कॅलेंडर म्हणून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकाही आहे.

म्हापसा_झेरॉक्स · शनिवार, रात्री ११:३४

ताई, माउस माझ्या हातात आणि गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडे. माउस नेल्यावर दिसणारं घड्याळ त्यांच्या काय कामाचं?

पेडण्याची_पोर · शनिवार, रात्री ११:४१

हे मात्र खरं. ऑफिसात पडद्यासमोर मी एकटीच असते, त्यामुळे डोक्यात आलं नाही. पॅनलवर सगळे झोन कायम दाखवायचे तर प्लाझ्मातही वेगवेगळी घड्याळं लावावी लागतील, आणि ती जागा फार खातील. असो, तुमच्या मशीनवर एक्सएफसीईच बरं.

फोंडा_टर्मिनल · रविवार, सकाळी ९:५०

मराठी तारीख.

डेस्कटॉपची भाषा इंग्रजी ठेवून फक्त तारखा मराठीत करता येतात. टर्मिनलमध्ये 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स' सुडोने चालवा, यादीत 'एमआर_आयएन' शोधा, स्पेसबारने टिक करा. मग 'लोकेल डॅश ए' चालवून नाव तिथे कसं दिसतं ते बघा आणि तेच वापरा. होम फोल्डरमध्ये 'डॉट एक्ससेशनआरसी' नावाची फाइल करून तिच्यात एकच ओळ: एक्सपोर्ट, स्पेस, एलसी_टाइम, बरोबरचं चिन्ह, आणि ते नाव. लॉगआउट करून परत या. नुसतं पॅनल बंद-चालू करून भागणार नाही, कारण पॅनलला लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) सेशनकडून मिळतं.

आता घड्याळात कस्टम फॉरमॅट: टक्का-कॅपिटल-ए म्हणजे पूर्ण वार, टक्का-डॅश-डी म्हणजे पुढे शून्य न लावता तारीख, टक्का-कॅपिटल-बी म्हणजे पूर्ण महिना. दोन ओळी हव्या असतील तर मध्ये टक्का-एन.

म्हापसा_झेरॉक्स · रविवार, दुपारी १:१५

दुकान बंद असतं तेव्हाच असले उद्योग होतात. वार-महिना मराठीत आले! दुबई, लिस्बन दिसायला लागले. बायकोचा भाऊ कुवेतला, म्हणून तेही लावलं.

तीन अडचणी. एक, आकडे इंग्रजीच राहिले. दोन, बारा तासांचं घड्याळ केलं तर वेळेपुढे 'म.पू.' आणि 'म.नं.' येतं, ते कोणी वाचत नाही. सकाळी, दुपारी असं आलं पाहिजे. तीन, दोन ओळी केल्या तर 'गुरुवार'मधला रु आणि 'शुक्रवार'मधला शु खालून कापला जातो.

फोंडा_टर्मिनल · रविवार, दुपारी ३:४०

तिसरं आधी. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असं दोन्हीकडे माप लागतं, आणि पॅनल मात्र ठरलेल्या उंचीतच ओळ बसवतं. रो साइझ वाढवा, किंवा एकच ओळ ठेवा, किंवा घड्याळाच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट लहान करा. नोटो सॅन्स देवनागरीला उंची जास्त लागते. लोहित देवनागरी लावून बघा, तो मला आटोपशीर वाटतो. चाचणीला 'शुक्रवार' घ्या, 'सोमवार' नको, नाहीतर चार दिवस सगळं बरोबर वाटेल.

पहिल्या दोन्हींसाठी क्लॉक प्लगइन सोडा आणि 'जेनेरिक मॉनिटर' घ्या, पॅकेजचं नाव 'एक्सएफसीई४-जेनमॉन-प्लगइन'. हा प्लगइन तुम्ही दिलेली आज्ञा ठराविक सेकंदांनी चालवतो आणि जे उत्तर येईल ते पॅनलवर छापतो. बाकी त्याला काही अक्कल नाही, आणि त्यातच त्याची मजा आहे.

आज्ञेच्या जागी एका छोट्या बॅश स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्या. स्क्रिप्टमध्ये 'डेट'कडून वार, तारीख, महिना, वेळ घ्यायची आणि पाइप करून 'सेड' या अक्षरं बदलणाऱ्या आज्ञेकडे द्यायची. सेडच्या 'वाय' आज्ञेत पहिल्या भागात इंग्रजी शून्य ते नऊ, दुसऱ्यात देवनागरी शून्य ते नऊ, त्याच क्रमाने. झालं. हेच काम 'टीआर'ने करायला जाल तर अक्षरांचा चुथडा होईल. जीएनयू टीआर एकेक बाइट बदलतो आणि देवनागरीचा एक आकडा यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा असतो. सेडलासुद्धा लोकेल यूटीएफ-८चं लागतं, नाहीतर दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही म्हणून तक्रार करतो.

सकाळ-दुपारसाठी तास वेगळा काढा आणि 'इफ'ची उतरंड लावा. तास काढताना टक्का-डॅश-कॅपिटल-एच वापरा, मधला डॅश विसरू नका. डॅश नसला तर सकाळी आठ वाजता '०८' मिळतं. पुढे शून्य असलेला आकडा बॅश अष्टमान पद्धतीचा समजतो, आणि अष्टमानात आठ-नऊ हे अंकच नाहीत. स्क्रिप्ट दिवसभर छान चालते आणि नेमकी आठ ते दहा रुसून बसते. तारखेचंही तसंच, अडकते ती ८ आणि ९ तारखेला. इंटरनेटवरून उचललेल्या निम्म्या स्क्रिप्ट्समध्ये हा खड्डा आहे.

स्क्रिप्टला एक्झिक्युटेबल करा. मध्यंतर ५ सेकंद ठेवा, मिनिट बदलायला तेवढा उशीर कोणाच्या लक्षात येत नाही. सेकंदाला एकदा स्क्रिप्ट चालवण्याची गरज नाही. सेकंद तुमच्या बाजूच्या पॅनलवर, तिथे साधं क्लॉकच राहू दे.

साखळी_सुपारी · रविवार, दुपारी ४:०५

एवढ्या खटाटोपापेक्षा भिंतीवर घड्याळ आणि दिनदर्शिका टांगा की. दोनशे रुपयांत काम.

म्हापसा_झेरॉक्स · रविवार, दुपारी ४:३०

भिंत माझ्या पाठीमागे, गिऱ्हाइकाच्या समोर, बरोबर. पण त्या भिंतीवर रॅक आहे, रॅकवर कागदाचे गठ्ठे आणि वर देवाचा फोटो. दिनदर्शिका आहे, तिच्यावर दुधाचा हिशेब.

तारवटी_निवृत्त · रविवार, सायंकाळी ७:१०

बोटीच्या वेळेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आयुष्य मालवाहू बोटींवर गेलं.

दुबई, लिस्बन ही शहरं आहेत, त्यांचा झोन ठरलेला. बोटीला असा झोन नसतो. पूर्व-पश्चिम जाताना दर १५ रेखांशांना एक तास असा हिशेब असतो आणि कप्तानाची सूचना निघाली की रात्रीत घड्याळ तासभर पुढे-मागे होतं. पश्चिमेकडे जाताना काटे मागे, म्हणजे एखादा दिवस २५ तासांचा. घरच्यांना हे माहीत नसतं. बाई विचारते "तिथे किती वाजले", आणि पोरगा 'तिथे' म्हणजे कुठे ते सांगू शकत नाही.

तर दुकानदार बाब, बोटीसाठी शहराचं नाव टाकू नका. टाइमझोनच्या यादीत 'ईटीसी' नावाचा गट आहे, त्यात 'जीएमटी' आणि पुढे अधिक-उणे तास. गंमत अशी की चिन्ह उलटं असतं. ग्रीनिचच्या पुढे पाच तास असलेल्या बोटीसाठी 'ईटीसी/जीएमटी-५' टाकायचं, उणे. युनिक्सच्या जुन्या पॉसिक्स पद्धतीत ग्रीनिचच्या पश्चिमेला अधिक धरतात, त्यातून हे आलंय. अधिक टाकलंत तर बोट अरबी समुद्राऐवजी अमेरिकेच्या किनाऱ्याला लागेल.

या गटात फक्त पूर्ण तास आहेत. बोट भारतीय वेळेवर चालत असेल तर नेहमीचं 'एशिया/कोलकाता'.

मी स्वतः माटे डेस्कटॉप वापरतो. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि मला पॅनल ओळखू येईना, तेव्हा ज्यांनी जुनं ग्नोम २ जिवंत ठेवलं त्यांच्यासोबत मी गेलो. त्याच्या घड्याळावर क्लिक केलं की कॅलेंडरखाली जगाचा नकाशा उघडतो, दिवस-रात्रीची सावली दिसते आणि आपण जोडलेली गावं ठिपक्यांनी. नातवंडांना भूगोल शिकवायला याहून चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही.

लिस्बनबद्दल वर जे लिहिलंय ते आज बरोबर आहे. मधली काही वर्षं, १९९२ ते १९९६, पोर्तुगालने मध्य युरोपची वेळ धरली होती, तेव्हा लंडन आणि लिस्बनमध्ये तासाचा फरक असे. आम्ही तिथल्या बंदरात जायचो तेव्हा हिवाळ्यात सकाळी उजाडतच नसे.

म्हापसा_झेरॉक्स · रविवार, रात्री ८:००

काका, हे फारच उपयोगाचं. पण दुकानात येणाऱ्या प्रत्येकीच्या नवऱ्याची बोट वेगळी. मग बोटीचं एकच घड्याळ कसं लावू?

तारवटी_निवृत्त · रविवार, रात्री ८:२५

नका लावू. गिऱ्हाइकाच्या पॅनलवर ग्रीनिचची वेळ लावा, 'यूटीसी'. बोटीवरचा माणूस घरी फोन करताना एवढं नक्की सांगतो, "आम्ही आता अधिक तीनवर आहोत". तीन मिळवले की झालं.

माशेल_मास्तर · रविवार, रात्री ९:१२

धागा वाचतोय, माझाही प्रश्न घुसडतो. शाळेच्या लॅबमध्ये विंडोज आणि लिनक्स मिंट (एक्सएफसीई) दोन्ही आहेत. विंडोज वापरून मिंट चालू केलं की घड्याळ साडेपाच तास पुढे. थोड्या वेळाने आपोआप बरोबर होतं, पण मग विंडोजमध्ये साडेपाच तास मागे. मुलं म्हणतात लॅबमध्ये भूत आहे. शिवाय मुलं पॅनल ओढून वर नेतात, घड्याळ काढून टाकतात, तिथे डोळे फिरवणारे ते आयकॉन बसवतात.

फोंडा_टर्मिनल · रविवार, रात्री ९:४५

मास्तर, साडेपाच या आकड्यातच उत्तर आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिलाच यूटीसी समजून आपले साडेपाच तास मिळवतं. नेट मिळालं की लिनक्स वेळ सुधारतं आणि बोर्डावर यूटीसी लिहून ठेवतं, मग विंडोज फसतं. दोघांपैकी एकाला समजवायचं. सोपा मार्ग म्हणजे मिंटमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १'. भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही, त्यामुळे हा मार्ग आपल्याकडे त्रास देत नाही. शुद्ध मार्ग म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही नोंद १ करणं. लॅबच्या मशीनवर रजिस्ट्रीत हात घालायची परवानगी आहे का ते बघा.

पावसाळ्यात लाइट गेल्यावर एखादं मशीन भलत्याच वर्षात उघडत असेल तर कारण वेगळं, बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली. तारीख चुकीची असली की ब्राउझर प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्रावर अडतो, आणि सगळे नेट गेलं म्हणून ओरडतात.

पॅनलचं: 'लॉक पॅनल'ने फक्त ओढणं थांबतं, काढणं-टाकणं चालूच राहतं. खरं कुलूप हवं असेल तर हवं तसं पॅनल एकदा रचा आणि त्याची 'एक्सएफसीई४-पॅनल डॉट एक्सएमएल' ही फाइल होममधून उचलून 'ईटीसी/एक्सडीजी'खालच्या त्याच नावाच्या फोल्डरात ठेवा. फाइलच्या वरच्या भागात चॅनलची ओळ आहे. तिच्यात 'लॉक्ड' म्हणून तारा आणि 'अनलॉक्ड' म्हणून 'रूट' असं लिहा. मग मुलांच्या मेनूतून पॅनल बदलायचे पर्याय जातात.

माशेल_मास्तर · रविवार, रात्री १०:०१

डोळे तेवढे एका मशीनवर ठेवतो. वर्गात कोण कुठे बघतंय ते कळतं.

दुर्भाट_धक्का · सोमवार, सकाळी ७:३०

जेनमॉनचं नाव निघालं म्हणून. माझ्या पॅनलवर वेळेच्या शेजारी पुढची भरती-ओहोटी येते. आमची थोडी खाजन शेती आहे, मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) कधी जायचं ते घड्याळापेक्षा पाण्यावर ठरतं. तिसऱ्या काढायला जाणाऱ्यांनाही ओहोटीच हवी असते.

पद्धत अगदी गावठी. एक साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत तारीख, वेळ आणि पुढे 'भरती' किंवा 'ओहोटी'. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, इंग्रजी आकड्यांत, शून्यं न गाळता. ओळी क्रमाने. स्क्रिप्ट आत्ताची वेळ त्याच साच्यात काढते आणि 'ऑक'ला सांगते, या मजकुरापेक्षा मोठी असलेली पहिली ओळ छाप आणि थांब. वर्ष आधी लिहिलं की तारखा अक्षरांसारख्या लावल्या तरी क्रम बरोबर येतो, म्हणून गणित काही करावंच लागत नाही. महिन्याच्या सुरुवातीला कोष्टक बघून फाइल भरायची.

कोष्टक मुरगाव बंदराचं असतं. आत नदीत पाणी उशिरा चढतं, किती उशिरा ते ज्याच्या त्याच्या धक्क्यावर बघून ठरवायचं आणि भरतानाच मिळवायचं. कोष्टक हाताशी नसलं तर रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकतं एवढ्यावर एखाद-दुसरा दिवस निभावतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, त्या ओळींपुढे मी एक तारा लावतो.

पेडण्याची_पोर · सोमवार, सकाळी ८:१०

याच पद्धतीने तिथी येईल की! दुकानदार, एकादशी-चतुर्थी दिसली तर तुमचे निम्मे गिऱ्हाईक खूश. मी वर राष्ट्रीय दिनदर्शिका म्हटलं होतं, ती चालेल का?

फोंडा_टर्मिनल · सोमवार, सकाळी ८:५०

ती वेगळी. राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सरकारी कामकाजात आली. तिचा चैत्र शुद्ध सौर हिशेबाने २२ मार्चला सुरू होतो, लीप वर्षी २१ला. पाडव्याशी तिचा संबंध नाही. पॅनलवर 'चैत्र १' दिसेल आणि गुढी कुठेच नसेल, मग गिऱ्हाईक तुमच्याशी भांडेल.

तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं अंतर १२ अंशांनी वाढायला लागणारा वेळ. चंद्राचा वेग सारखा नसल्यामुळे ती कधी २४ तासांहून कमी तर कधी जास्त भरते, आणि सूर्योदयाला जी असेल ती त्या दिवसाची. म्हणून एखादी लुप्त होते, एखादी दोन दिवस दिसते. तारखेवरून बेरीज-वजाबाकी करून ती काढणारी स्क्रिप्ट कोणी दिली तर घेऊ नका. दुर्भाटवाल्यांची फाइल बरी. वर्षभराच्या तिथी पंचांगातून एकदाच उतरवा, 'ग्रेप'ने आजच्या तारखेची ओळ काढा.

साखळी_सुपारी · सोमवार, सकाळी ९:१५

म्हणजे शेवटी भिंतीवरची दिनदर्शिका बघूनच भरायचं ना? 😄

म्हापसा_झेरॉक्स · मंगळवार, रात्री ९:३०

आजची स्थिती. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर वर एक पट्टा. डावीकडे जेनमॉनमधून "मंगळवार, सकाळी १०:४२" आणि तारीख, सगळं देवनागरीत. उजवीकडे दुबई, कुवेत, लिस्बन, ग्रीनिच. लिस्बनच्या पुढे '/लंडन' असं लिहिलं, नाहीतर लंडनवाले विचारत होते आमचं कुठे. फॉन्ट लोहित, रो साइझ ६४, शुक्रवार कापला जात नाही. तिथी तूर्त नको, चुकली तर उपास मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर.

संध्याकाळ पाच वाजता धरली. त्यावरून आजच एका काकांनी वाद घातला, त्यांच्या मते दिवे लागल्याशिवाय संध्याकाळ नाही.

एक शंका राहिली. रात्री तो मॉनिटर बंद केला की कधी कधी तो पट्टा माझ्या पडद्यावर येऊन बसतो.

फोंडा_टर्मिनल · मंगळवार, रात्री ९:५५

'आउटपुट' अजून 'ऑटोमॅटिक'वर आहे. तिथे त्या मॉनिटरचं नाव निवडा, एचडीएमआय-१ किंवा जे असेल ते. मग मॉनिटर नसताना पॅनल लपून राहील आणि तो चालू झाला की परत येईल.

आणि हे सगळं जुळलंय तोवर 'पॅनल प्रेफरन्सेस'मध्ये 'बॅकअप अँड रिस्टोर' दाबून एक प्रोफाइल जतन करा. बटण दिसत नसेल तर 'एक्सएफसीई४-पॅनल-प्रोफाइल्स' पॅकेज टाका. जेनमॉनच्या स्क्रिप्ट्स त्या प्रोफाइलमध्ये जात नाहीत, त्या वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या.

म्हापसा_झेरॉक्स · मंगळवार, रात्री १०:२०

'ऑटोमॅटिक'च होतं. बदललं, मॉनिटर बंद-चालू करून पाहिला, बरोबर चालतंय. प्रोफाइल घेतलं. स्क्रिप्ट उद्या इथेच टाकतो, ज्याला हवी त्याने संध्याकाळ आपापल्या सोयीने सरकवून घ्यावी.